एक बोर्ड, एक सूरज

माझ्या हातचं काम परभणी जिल्ह्यात शोधायला गेलात तर आज सापडायचं नाही. सुताराची चौकट राहते, गवंड्याची भिंत राहते, शिंप्याचा सदरासुद्धा चार वर्षं अंगावर टिकतो. माझा माल एका उन्हाळ्यात लावला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पांढरा पडायला लागायचा आणि मग त्याची ताडपत्री होऊन कुणाच्या तरी कडब्यावर जायची. एस.टी.तून जाताना एखाद्या गोठ्याच्या छपरावर मीच काढलेलं अर्धं ‘हार्दिक’ उलटं टाकलेलं मी कितीदा तरी बघितलंय. शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटायचं, की ते माझं आहे. पण गोठ्याकडं बोट दाखवून काय सांगणार?

मी फ्लेक्सचं डिझाइन करायचो. परभणीत स्टेशन रोडवर माझं दुकान होतं. छापणारे दुसरे, चौकटीवर ताणून बांधणारे तिसरे. माझं काम म्हणजे संगणकावर अक्षरं उभी करणं. सपाट कापडावरचं अक्षर जाडजूड, पुढं आलेलं, हात लावला तर हाताला लागेल असं दिसायला पाहिजे. गिऱ्हाईक त्याला थ्रीडी म्हणायचं. माझे उस्ताद गफूरचाचा म्हणायचे, “हर्फ को बदन देना.” अक्षराला अंग द्यायचं. मला अजूनही तोच शब्द बरोबर वाटतो.

गफूरचाचा बोर्ड रंगवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली ब्रश धरायला शिकलो. ट्रकचे फाळके, किराण्याच्या पाट्या, कापूस खरेदीच्या भिंती, सगळं आम्ही रंगवलं. नव्या जागी गेलो की चाचा रंगाचा डबा उघडायचे नाहीत. भिंतीसमोर उभं राहून आधी आभाळाकडं बघायचे. “उजाला किदर से आरा, पैले वो देख.” ऊन जिकडून येतं तिकडच्या कडेला पांढरी रेघ, उलट्या कडेला काळी छाया. म्हणजे मग रंगवलेलं अक्षर खरं वाटतं. एकदा मी घाईत एका ओळीची छाया उजवीकडं आणि दुसरीची डावीकडं टाकली. चाचांनी शिवी दिली नाही, ते कधी देत नसत. नुसतं म्हणाले, “एक बोर्ड, एक सूरज. दो सूरज निकले तो कयामत आती, बेटा.” मग दोघांनी मिळून ती ओळ पुसली.

पुढं फ्लेक्स आला आणि ब्रशवाल्यांचे दिवस फिरले. मी कर्ज काढून संगणक घेतला आणि फोटोशॉप शिकलो. चाचा मात्र शिकले नाहीत. म्हातारपण आलं होतं आणि खरं सांगायचं तर रागही होता. पण एक दिवस दुकानात आले. खुर्चीवर टेकून बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, “इसमें उजाला किदर से आता?”

मी त्यांना दाखवलं. एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात एक काडी. काडी फिरवली की उजेड फिरतो, अक्षराच्या सगळ्या चकाकत्या कडा आणि सावल्या तिच्यामागं फिरतात. चाचांनी माऊस हातात घेतला. सूर्य डोक्यावर नेला, खाली आणला, उजवीकडून डावीकडं नेला, आणि लहान पोरासारखे हसायला लागले. “सूरज को हात से घुमाता क्या रे तू!” त्या दिवशी राग गेला. त्यानंतर ते अधूनमधून नुसता सूर्य फिरवायला यायचे. चाचा वारल्यावर कितीतरी दिवस ती काडी हलवताना मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, संगणकात एक बटण असतं आणि ते दाबलं की अक्षर उठतं. तसली बटणं नंतर आलीच, पण सुरुवातीला आम्ही अक्षर हातानंच उठवायचो. अक्षराची एक नक्कल काढायची आणि ठिपकाभर खाली, ठिपकाभर बाजूला सरकवायची. मग तिची नक्कल, परत ठिपकाभर. असं करत गेलं की नकलांची चळत होते आणि तीच अक्षराची जाडी. ती गडद करायची आणि मूळ अक्षर सगळ्यात वर ठेवायचं. मग त्याच्या कडा घासल्यासारख्या तिरप्या करायच्या, वर सोन्याचा किंवा पोलादाचा रंग चढवायचा, भोवती झळाळी, मागं मऊ सावली. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. प्रत्येक काचेपुढं डोळ्याचं एक चिन्ह असतं. डोळा मिटला की ती काच गायब, उघडला की परत हजर. हा डोळा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. वाढदिवसाचे फ्लेक्स करायला येणारी मंडळी सगळ्यात हौशी. “पेंटर, भाऊंचं नाव आसं काढा की रस्त्यावर येऊन पडलं पायजे.” संगणक आला, ब्रश गेला, तरी मला सगळे पेंटरच म्हणायचे. एकानं बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, हाच रंग पाहिजे, दुसरं सोनं चालणार नाही. अंगठी बल्बखाली धरून मी तो रंग जुळवला. चांगला जमला होता, फ्लेक्सवर मात्र मोहरीच्या तेलासारखा छापून आला.

पोखर्णीच्या यात्रेत रसवंती लावणारे एक काका होते. त्यांच्या बोर्डावर मी उसाच्या कांड्यांची अक्षरं केली होती, हिरवीगार, गोल, पेरांसकट. स्क्रीनवर बघून काका खूश. फ्लेक्स छापून आला तेव्हा त्यांनी तो उलगडला, त्यावरून तळवा फिरवला आणि चेहरा पाडला. “ह्ये तर सपाट हाय की वो! तुमच्या टीव्हीत तर वर आल्यालं व्हतं.” किती समजावलं तरी पटेना. शेवटी फ्लेक्स दुकानाच्या शटरवर टांगला आणि काकांना हाताला धरून रस्त्याच्या पलीकडं नेलं. तिथून बघितलं आणि काका म्हणाले, “आता आलं वर.” मग परत अलीकडं आले, तळवा फिरवला, परत पलीकडं गेले. वाहनं चुकवत त्यांच्या दोन-तीन खेपा झाल्या. जाताना म्हणाले, “हात खोटं सांगायलाय का डोळा, त्येच कळंना.”

पण ज्यांच्यामुळं मी हे लिहायला बसलो त्या गयाबाई.

गयाबाई देवगाव फाट्याच्या. फाट्यावरच्या एका हॉटेलात त्यांनी उभा जन्म भाकरी थापण्यात घालवला होता. ट्रकवाले, शिक्षक, बाजारला निघालेले शेतकरी त्यांची भाकरी खायचे, पण बाई मागं चुलीपाशी आणि बोर्डावर मालकाचं नाव. मालकानं धंदा बंद केला तेव्हा बाईंनी ठरवलं, आता आपलीच खानावळ. त्या माझ्या दुकानात आल्या त्या बहिणीच्या मुलाबरोबर, विलासबरोबर. विलास बारावी झालेला, चुणचुणीत, मावशीवर जीव असलेला. बाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, “पेंटरदादा, माजं नाव टाकायचं. गयाबाईची खानावळ. मोठ्ठं.”

बाई आत पाणी प्यायला गेल्या तेव्हा विलासनं मला हळूच सांगितलं, “दादा, तुमी तरी समजावा. आमी बौद्ध. फाट्यावर सगळ्या गावचं गिऱ्हाईक येतंय. नाव वाचलं की आडनाव विचारतेत, आडनाव कळलं की उठून जातेत. त्यापरीस ‘अन्नपूर्णा’ टाका की. कुनाला काय कळतंय?”

बाईंचे कान तिखट होते. दारातूनच म्हणाल्या, “कळूनच येऊ दे. न कळता आल्यालं गिऱ्हाईक ताटावरून उठलं तर मला जास्त लागंल.”

मी माऊस हातात घेतला. काम चालू असताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. गावच्या विहारात बायकांचा साक्षरता वर्ग होता. त्यात त्या नुकत्या स्वतःचं नाव लिहायला आणि ओळखायला शिकल्या होत्या, बाकी अजून काही फारसं लागत नव्हतं. खानावळ उघडायच्या दिवशी वर्गातल्या सगळ्या जणी येणार होत्या, शिकवणाऱ्या बाई येणार होत्या, आणि गयाबाई सगळ्यांसमोर बोर्डाला काठी लावून स्वतःचं नाव वाचणार होत्या. “आंगठ्यावर गेला जलम,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी वाचून दावनार.”

हे ऐकून मला चेव आला. बाईंसाठी जन्मात केलं नव्हतं असं नाव करायचं. दोन दिवसांनी या म्हटलं आणि जेवढी विद्या होती तेवढी त्या चार अक्षरांवर ओतली. वीतभर जाडी, पिवळ्यातून लालात जाणारं सोनं, कडांना पोलादी चकाकी, भोवती अंगारासारखी झळाळी, खाली पाण्यात पडल्यासारखं प्रतिबिंब. काम संपलं तेव्हा मीच खुर्ची मागं सरकवून बघत बसलो होतो.

मावशी-भाचे आले. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. विलास म्हणाला, “वा!” बाई टेबलापाशी आल्या. पुढं वाकल्या. पदरानं डोळे पुसले, परत वाकल्या. बोट उचलून स्क्रीनजवळ नेलं आणि ते हवेतच राहिलं.

“माजं नाव कुटंय?”

“हेच की मावशी,” विलास म्हणाला. “गयाबाई.”

“ह्ये माजं नाव न्हाई.”

“आगं, तेच हाय!”

बाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी विसरलो नाही. त्यांना वाटलं होतं की आम्ही दोघांनी मिळून मागच्या मागं ‘अन्नपूर्णा’ लिहिलं. “तू म्हनतूस, हेच हाय. जलमभर दुसऱ्यानं वाचायचं आन म्या हो म्हनायचं. आता माजं नाव बी तुमीच मला वाचून दावनार?” त्यांनी पिशवी उचलली. “चल विलास. मला न्हाई करायचा बोर्ड. नुसत्या चुलीवर इकीन.”

विलास शपथा घ्यायला लागला. त्याचा काय उपयोग? शपथ घेणारा पुन्हा वाचता येणाराच. ज्याला वाचता येतं त्याच्यावरच बाईंचा विश्वास उडालेला. मी शपथ घेतली असती तर तीही त्याच भावात गेली असती. मी परत स्क्रीनकडं बघितलं, या वेळी बाईंच्या डोळ्यांनी. आणि खरंच, नाव कुठं होतं? जाडीनं अक्षरांची पोटं भरली होती. झळाळीनं एक अक्षर दुसऱ्यात मिसळलं होतं. ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्याला तो दिसत होता. वर्गाच्या फळ्यावर खडूनं काढलेला बारीक, सुटा ‘ग’ जिच्या ओळखीचा, तिच्यासाठी तिथं नुसती जत्रेतली रोषणाई होती.

“बाई,” मी म्हणालो, “बसा. मी काही वाचून दाखवत नाही. तुम्ही नुसतं बघा.”

त्या उभ्याच राहिल्या. मी झळाळीचा डोळा मिटला. अंगार विझला. प्रतिबिंबाचा डोळा मिटला, पाणी गेलं. मग चकाकी, मग सोनं, मग सावली. बाई एक पाऊल पुढं आल्या. शेवटी जाडीचा डोळा मिटला आणि पांढऱ्या पाटीवर काळी, साधी अक्षरं उरली.

“आगं बाई!” त्या म्हणाल्या. बोट आपोआप पुढं गेलं. “ग. या. बा. ई.” आणि खुर्चीत बसल्या. “ह्ये माजं. एवढ्या समद्याच्या खाली दडपून काहून ठिवलं होतं?”

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चाचांचं एक वाक्य इतकी वर्षं डोक्यात असून कामाच्या वेळी आठवलं नव्हतं. “हर्फ का मुँह धुला हुवा रैना. फिर बदन पे कित्ते भी जेवर डाल.” अक्षराचं तोंड स्वच्छ असलं पाहिजे, मग अंगावर कितीही दागिने घाल. मी दागिन्यांनी तोंडच झाकून टाकलं होतं.

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली आणि या वेळी माझी उस्ताद गयाबाई होत्या. मी एकेक डोळा उघडायचा आणि त्यांनी सांगायचं. अक्षरं थोडी सुटी केली. जाडी आणली. “थोडी कमी. हां, आता हाय माजं.” सोनं आणलं. “ऱ्हाऊ द्या, साजतंय.” पोलादी चकाकी आणली. “आता गेलं.” चकाकीचा डोळा मिटला. “आलं.” झळाळीला त्यांनी हातानंच नको म्हटलं. हे करता करता मी विचारलं, “दुकानाचं तोंड कुठं?”

“मावळतीला. कामून?”

मी त्यांना चाचांची रीत सांगितली, एक बोर्ड, एक सूरज. फोटोशॉपमधली काडी मुळातच डावीकडं असते आणि सहसा ती कुणी हलवत नाही. म्हणून गावोगावच्या फ्लेक्सवर सूर्य डावीकडूनच उगवतो. मावळतीकडं तोंड केलेल्या बोर्डासमोर उभं राहिलं की दक्षिण येते उजव्या हाताला. दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कललेला, म्हणजे जेवायच्या वेळेला ऊन उजवीकडून येणार. मी काडी उजवीकडं फिरवली आणि अक्षरांची सावली डावीकडं गेली. बाईंनी माझ्या हाताकडं, मग स्क्रीनकडं बघितलं. “हिकडून ऊन, तिकडं सावली. बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “आमची भित बी तशीच तापती.”

खानावळ उघडली त्या दिवशी मी गेलो होतो. वर्गातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. बाईंनी चुलीजवळचं एक लाकूड काठीसारखं उचललं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. विलास रडत होता आणि धूर गेला म्हणत होता. रस्त्यापलीकडं काही माणसं थांबून बोर्ड वाचत होती. त्यातली काही वाचून पुढं गेली, हेही मी बघितलं. काही आत आली. पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. त्या दिवशी जे आत आले त्यातलं कुणीही ताटावरून उठलं नाही.

त्यानंतर काळ फार भरभर गेला. मोबाइलवर बोट फिरवलं की सोन्याची अक्षरं मिळायला लागली. गिऱ्हाईक घरूनच डिझाइन करून आणायला लागलं. माझे डोळेही थकले होते. दुकान बंद केलं, संगणक भाचीला दिला. वाईट कशाचं वाटलं तर याचं, की चाचांच्या भिंती पुसल्या गेल्या, माझे फ्लेक्स उडून गेले, आणि ती सूर्याची गोष्ट माझ्यापाशीच राहिली. दुकानात पोरं शिकून गेली, पण काडी कुणी हलवली नाही. “काका, कोन बघतंय?” म्हणायची.

परवा दिवाळीच्या आधी जालन्याकडं जायचं होतं. देवगाव फाट्याला गाडी बदलायची होती, म्हणून उतरलो. भूकही होती. दुपारचं ऊन होतं. खानावळीकडं वळलो आणि थबकलो. बोर्ड नवा होता. माझा नव्हता. इतक्या वर्षांत फ्लेक्स टिकणार नाही हे मला ठाऊक असायलाच हवं होतं, तरी नजर जुनंच सोनं शोधत राहिली. रंग वेगळा, अक्षरांचं वळण वेगळं. कुणीतरी मोबाइलवरच उरकलं असणार, असं मनात म्हणत पुढं गेलो.

आणि मग दिसलं, की अक्षरांची सावली डावीकडं पडली आहे.

मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून एक जीप हॉर्न वाजवत होती. बोर्डावरच्या अक्षरांचं तोंड स्वच्छ होतं, जाडी नेमकी, झळाळी नव्हती. बोर्डाच्या बाजूला दिव्यासाठी एक लोखंडी गज बाहेर काढला होता. त्याची खरी सावली भिंतीवर डावीकडं गेली होती, अगदी अक्षरांच्या सावलीसारखी.

गयाबाई गल्ल्यावर होत्या. केस पूर्ण पिकलेले, पण मला लगेच ओळखलं. “पेंटरदादा! या, या. आदी पानी घ्या.” पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, “बाई, बोर्ड कुणी केला?”

“तुमचा पार उडाला की. सोनं गेलं, नुसती काळी सावली ऱ्हायली. तरी वाचाया येत व्हतं, म्हनून काढला न्हाई. पन गिऱ्हाईक हसायलं. इलासनं मोबाइलवर एक करून दावला, लय चमकायला. म्या म्हनलं, ह्येच्यात मी न्हाई. मंग सेलूला गेले. तितं एक पोरगी हाय कम्प्युटरवाली. तिला म्हनलं, आदी समदे डोळे मिट. मला निस्तं अक्षर दाव. मंग एकएक उघड, आन मी थांब म्हनलं की थांब.”

“मग?”

“ती बघायलीच माज्याकडं. आजी, तुमाला ह्ये कसं ठावं म्हनली. मंग म्हनलं, दुकानाचं तोंड मावळतीला हाय, ऊन उजवीकडून घे. ती म्हनली, समदे डावीकडूनच घेतेत. म्या म्हनलं, घेऊ दे त्यास्नी. एका बोर्डाला एकच सूर्य आसतो, आन तो आमच्या फाट्यावरचा पायजे. आता ती दर गिऱ्हाइकाला इचारती म्हनं, दुकानाचं तोंड कुटंय.”

मी म्हणालो, “फार छान केलाय त्या मुलीनं.”

बाईंनी भुवया चढवल्या. “तिनं? म्या केलाय. माऊस तेवढा तिच्या हातात व्हता.”

मी पोटभर जेवलो. बाहेर येऊन पुन्हा एकदा बोर्डासमोर उभा राहिलो, चाचा उभे राहायचे तसा, आधी आभाळाकडं बघत. सूर्य उजवीकडंच होता. ही बातमी खरं तर गफूरचाचांना द्यायला हवी होती. ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितली.